तीस पावलांचं धनुष्य

माझ्या तोंडाने मला आयुष्यात बऱ्याच नको त्या गोष्टी करायला लावल्या, पण अश्मयुगातलं धनुष्य करायला लावलं ते एकदाच. गिरण्यांचा संप होऊन तेव्हा तीनेक वर्षं झाली होती. मी मुलुंडच्या एका मराठी शाळेत इतिहास शिकवत होते. वय सव्वीस, नोकरी तात्पुरती. ऑक्टोबरात संस्था ठरवणार होती, मला कायम करायचं की नारळ द्यायचा. बाबा लालबागच्या एका गिरणीत सव्वीस वर्षं फिटर होते आणि संपानंतर घरीच बसून होते. घाटकोपरच्या आमच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या माझ्या पगारावर चालत होत्या, त्यामुळे ‘कायम’ हा शब्द आमच्याकडे आई देवापुढे रोज उच्चारायची.

एप्रिलमध्ये मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, सभा घेतली. ऑक्टोबरात शैक्षणिक साहित्याचं प्रदर्शन भरवायचं, प्रत्येक शिक्षकाने स्वतःच्या हाताने एक वस्तू करायची आणि ती पाहायला संस्थेचे चिटणीस येणार. भूगोलाच्या बाईंनी ज्वालामुखी घेतला. गणिताचे सर हसत म्हणाले, “इतिहासाच्या बाईंचं बरं आहे. थर्माकोलचा एक किल्ला केला की सुटल्या.” सगळे हसले. मीही हसले असते तर पुढचे सहा महिने सुखात गेले असते. पण मी उभी राहिले आणि म्हणाले, “मी थर्माकोलला हात लावणार नाही. अश्मयुगातला माणूस करायचा तसं लाकडी धनुष्य करीन. दगडाच्या हत्यारांनी करीन. आणि मैदानात तीस पावलांवर बाण मारून दाखवीन.”

तीसच का, ते मला आजही माहीत नाही. तोंडात तोच आकडा आला. मोठ्या बाईंनी तो इतिवृत्तात लिहून घेतला, आणि सभा संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “चिटणीससाहेबांना कळवते हं मी. तुमच्या नोकरीचा निर्णय ते प्रदर्शन पाहूनच घेणार आहेत.”

माझं सगळं ज्ञान वाचनालयातल्या एका पुस्तकातल्या फोटोवरून आलेलं. उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशात दलदलीत हजारो वर्षं पडून राहिलेलं धनुष्य. माणसाच्या उंचीचं, मुठीपाशी अरुंद, दोन्ही बाजूंना रुंद आणि चपटं. दिसायला इतकं साधं की मला वाटलं, हे काय, मे महिन्याच्या सुट्टीत होऊन जाईल.

फोटोतलं झाड आपल्याकडे होत नाही. म्हणून सुट्टीत आईबरोबर कणकवलीजवळच्या आजोळी गेले तेव्हा मामाला विचारलं, धनुष्याला कुठलं लाकूड चालेल. तो म्हणाला, “धामणीचा घे. कावडीचे दांडे धामणीचेच करतत. वाकता, पण मोडूचा नाय.” मी म्हटलं, तोडताना कोयता वापरायचा नाही, दगडाने तोडायचं. मामाने माझ्याकडे नीट पाहिलं आणि आईला स्वयंपाकघरात नेऊन हळूच विचारलं, हिच्यासाठी कुठे स्थळ बघताय की नाही. मग त्याने कोयत्याने चार घावांत फांदी पाडली. अश्मयुगाचा पहिला नियम तिथेच मोडला. मी तसं वहीत प्रामाणिकपणे लिहून ठेवलं.

एसटीच्या टपावरून ते लाकूड मुंबईला आलं. ते निदान दोन-तीन महिने सावलीत वाळायला हवं होतं, आणि बाहेर पावसाळा. आमच्याकडे चपलांना बुरशी येते त्या दिवसांत लाकूड वाळणार कुठे? मी ते स्वयंपाकघरात स्टोच्या वर, छताला दोन दोऱ्यांनी टांगलं. चार दिवसांनी शाळेतून आले तर त्याच्यावर बाबांचा लेंगा आणि माझे दोन परकर वाळत होते. “आडवी दांडी टांगलेली,” आई म्हणाली, “आता तिच्यावर कपडे घालायचे नाहीत तर काय?” मी चिडले, ओरडले, आणि दुसऱ्या दिवशी माझाच टॉवेल त्यावर टाकला. ऑगस्ट उजाडेपर्यंत आमच्या घरचे कपडे अश्मयुगावर वाळले.

मग दगडाची हत्यारं. आमच्याकडे काळ्या दगडाला तोटा नाही. मी आठ दिवस मागच्या अंगणात बसून दगडावर दगड आपटला आणि खडी केली. नवव्या दिवशी पाट्याला टाकी लावणारी बाई आली. गुळगुळीत झालेल्या पाट्यावरवंट्याला छिन्नीने टोचे मारून परत खरखरीत करणारी ही बाई महिन्या-दोन महिन्यांनी यायची. मी तिला म्हटलं, “मला दगडाच्या पातळ, धारदार कपच्या काढून दे. पण छिन्नी नको. दगडानेच काढ.”

“कशाला?”

“लाकूड तासायचंय.”

तिने दारातून आत डोकावून पाहिलं. “बाई, घरात विळी नाय?”

तरी ती बसली. माझा दगड हातात फिरवत तिने बराच वेळ नुसतं पाहिलं, मग कडेला एका कोनात तीन फटके मारले. सुरीच्या पात्यासारखी कपची निघाली. मी ती कौतुकाने उचलली आणि माझा अंगठा कापला. बाई म्हणाली, “चालते ना?” आणि आईकडे हळद मागितली. त्या दिवशी तिने मला पंधरा कपच्या काढून दिल्या. इतिहासात बी.एड. करून मी जे शिकले नव्हते ते तिला येत होतं, आणि तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

तासायला सुरुवात केली. पुस्तकाप्रमाणे सालीखालचा बाहेरचा थर अखंड ठेवायचा आणि आतल्या बाजूने, म्हणजे बाण मारताना आपल्याकडे येणाऱ्या बाजूने, तासत जायचं. शाळेतून आले की दीड तास मी खरवडायची. वरच्या मजल्यावरच्यांनी विचारलं, तुमच्याकडे घूस शिरलीय का?

बाबा हे सगळं खाटेवर बसून, वर्तमानपत्राच्या आडून पाहत होते. त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या बाबांनी जन्मात कधी ‘चुकलो’ म्हटलं नव्हतं. वाकोल्याला एकदा त्यांनी आम्हाला भलत्याच लग्नात नेलं. आपण ओळखत नाही अशा नवऱ्यामुलाच्या आईला आईने हळदीकुंकू लावल्यावर सगळा उलगडा झाला. बाबा म्हणाले, “इथला मसालेभात बरा दिसतो,” आणि जेवूनच उठले. संपाबद्दल तर आम्ही कोणी त्यांना काही विचारलंच नाही. बरोबर होतं की चुकलं, हा प्रश्न आईच्या ओठांवर कितीदा तरी आलेला मी पाहिला होता आणि तिने तो गिळलेलाही. त्यांची हत्यारांची लोखंडी पेटी खाटेखाली होती. संपानंतर ती उघडलेली मी पाहिली नव्हती.

ऑगस्टच्या शेवटी एका संध्याकाळी वर्तमानपत्र खाली आलं. “वरच्या अंगाला दीड सूत जाड आहे,” बाबा म्हणाले.

“कुठे?”

“दिसत नाही तर मास्तरीण कशाला झालीस?”

त्यांनी उठून माझ्या हातातून लाकूड घेतलं, एक डोळा मिटला आणि टोकापासून टोकापर्यंत पाहिलं. मग दाराच्या चौकटीला खिळा ठोकला, धनुष्याची मूठ त्यावर टेकवली, दोन टोकांना सैल दोरी बांधली आणि मला ती खाली ओढायला लावली. स्वतः चार पावलं मागे जाऊन बघत राहिले. एक बाजू सुरेख वाकत होती, दुसरी ढिम्म. “ही बाजू काम करतेय आणि ती नुसती पगार खातेय,” ते म्हणाले. “तिथे तासायचं. कानस घे.”

“अश्मयुगात कानस नव्हती.”

“म्हणूनच मेले ते.”

यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी कानशीला नाही म्हटलं, त्यांनी दगडाला गाढवपणा म्हटलं. शेवटी “आण ता तुझा हत्यार” असं खेकसून त्यांनी कपची हातात घेतली आणि शिव्या घालत घालत तासायला लागले. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी तेच. मी दोरी ओढायची, ते बघायचे, खडूने खूण करायचे, मी तासायची, मग ते माझ्या हातातून कपची हिसकावून घ्यायचे. आईने गावाहून आणलेल्या अंबाडीच्या धाग्यांची दोरी गुडघ्यावर वळली. तिला देवाच्या वाती वळायची सवय, हात बघता बघता चालायचा. बाबा जेवायला दोन पोळ्या जास्त घ्यायला लागले. आईने मला ते खुणेने दाखवलं आणि बोलू नको अशीही खूण केली.

नवरात्राच्या आधीच्या रविवारी आम्ही इमारतीमागच्या मोकळ्या जागेत पहिला बाण मारला. बोरूचा बाण, टोकाला नुसता तासलेला. मी दोरी ओढली, सोडली, आणि बाण शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या गोधडीत जाऊन अडकला. मी पावलं मोजली, बेचाळीस होती. काकू भांडायला धावत आल्या, धनुष्य पाहिलं आणि नमस्कार करून गेल्या. मला इतका आनंद झाला की मी बाबांना चक्क शाबास म्हटलं. ते म्हणाले, “त्यात काय.” पण धनुष्य त्यांनी स्वतः घरात नेलं.

दुसऱ्याच दिवशी मला शाळेने गाइडच्या शिबिराला लोणावळ्याला पाठवलं. तात्पुरत्या शिक्षिकेला कुठेही पाठवतात. निघण्याआधी मी बाबांना दोनदा सांगितलं की धनुष्याची दोरी उतरवून ठेवलीय, ती अजिबात चढवायची नाही. शिवाय ‘दोरी चढवू नये’ अशी चिठ्ठी लिहून धनुष्याला बांधली.

दसऱ्याच्या संध्याकाळी परत आले. देवासमोर पाट, पाटावर बाबांची पेटी, उघडलेली. कानशी, पाने, हातोडा, सगळं पुसून ओळीत मांडलेलं, त्यावर हळदीकुंकू आणि झेंडूची फुलं. इतक्या वर्षांनी ती पेटी उघडी पाहून मला भरून आलं. मग वर पाहिलं. भिंतीवर धनुष्य टांगलेलं होतं, दोरी चढवून, ताणून, हार घालून. माझ्या चिठ्ठीलाही हळदीकुंकू लावलेलं होतं.

“कधी चढवलीत?”

“घटस्थापनेला,” बाबा अभिमानाने म्हणाले. “सगळी बिल्डिंग पाया पडून गेली.”

“मी सांगितलं होतं चढवू नका म्हणून.”

“ते एरवीचं झालं. पूजेला उघडंबोडकं धनुष्य ठेवतात? देवाच्या धनुष्याची दोरी कधी उतरलेली पाहिलीस तू? कॅलेंडर बघ.”

मी कॅलेंडर बघितलं. खरंच, आपल्या कुठल्याही चित्रात देव दोरी उतरवत नाहीत. पण देवाचं धनुष्य धामणीचं नसावं. लाकूड दिवसेंदिवस ताणून ठेवलं की त्याला वाकून राहायची सवय लागते आणि उसळी जाते. मी दोरी काढली, तर धनुष्य तसंच वाकलेलं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मागे जाऊन बाण मारला. सतरा पावलं. पुन्हा मारला, सोळा.

“हवा दमट आहे,” बाबा म्हणाले.

प्रदर्शनाला तीन दिवस उरले होते. मी धनुष्याला उन्हात ठेवलं, उलटं बांधून पाहिलं, शेक दिला. काही फरक पडला नाही. मग मी बाबांना तोंडाला येईल ते बोलले. माझी नोकरी घालवली म्हटलं, हट्टी म्हटलं, एकदा तरी चूक झाली म्हणा म्हटलं. ते वर्तमानपत्राआड गेले. त्यानंतर आम्ही बोलणं बंद केलं. दहा बाय दहाच्या खोलीत आई आमचे निरोप पोचवत होती. “ती विचारतेय, चहा हवा का.” “तिला सांग, नको.” मी तीन हातांवर बसलेली असायची.

प्रदर्शनाच्या दिवशी ज्वालामुखीतून लाल फेस आला आणि टाळ्या पडल्या. मग चिटणीससाहेब, मोठ्या बाई, सगळे शिक्षक आणि निम्मी शाळा मैदानात आली. चिटणीस हे ठेंगणे, टापटीप गृहस्थ होते. मी अश्मयुगाबद्दल दोन वाक्यं बोलले, दोरी चढवली आणि खांद्यात होता नव्हता तेवढा जोर लावून ओढली. बाण निघाला, थोडा विचार केल्यासारखा हवेत राहिला, आणि ज्वालामुखीच्या टेबलाच्या अलीकडे पडला. गणिताचे सर खोकले.

“काय झालं?” चिटणीसांनी विचारलं. “तीस पावलं म्हणाला होतात ना?”

घरात मी जे पन्नासदा ओरडून सांगितलं होतं ते त्या वेळी माझ्या तोंडून निघेना. घरात बोलणं वेगळं आणि चारचौघांत आपल्या बापाचं नाव पुढे करणं वेगळं. मी म्हणाले, “लाकूड कच्चं राहिलं, साहेब. माझी तयारी कमी पडली.”

“लाकूड कच्चं नाही.”

आवाज मागून आला. गर्दीच्या मागे बाबा उभे होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत कापडी पिशवी. ते येणार आहेत हे मला माहीत नव्हतं, आम्ही बोलतच नव्हतो. मुलांमधून वाट काढत ते पुढे आले आणि चिटणीसांसमोर उभे राहिले. “लाकूड एक नंबर आहे, साहेब. बेचाळीस पावलं मारलीत त्याने. यांनी सांगितलं होतं दोरी चढवू नका, लिहूनसुद्धा ठेवलं होतं. मी चढवली. पूजेला. चूक माझी आहे.”

मी बाबांकडे पाहतच राहिले. लग्नाच्या मांडवात, घरात, संपात, कुठे कुठे न निघालेला शब्द त्यांनी परक्या शाळेच्या मैदानात दोन-अडीचशे माणसांसमोर काढला होता, आणि तोही लाकडाला कोणी कच्चं म्हटलं म्हणून.

“आपण कोण?” चिटणीसांनी विचारलं.

“बाईंचा हेल्पर,” बाबा म्हणाले.

गिरणीत फिटरच्या हाताखाली हेल्पर असतो. पाना मागितला की पाना द्यायचा, एवढंच त्याचं काम. बाबांनी सव्वीस वर्षांत असे कितीतरी हेल्पर शिव्या देऊन तयार केले होते. माझे डोळे भरून आले आणि मी उगाच दोरीची गाठ तपासत बसले.

तेवढ्यात बाबांनी पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढली. आत माझ्याच दगडाच्या कपच्या होत्या. “अर्धा तास द्या,” ते चिटणीसांना म्हणाले. “लांबी कमी केली की ताण वाढतो. ही एक स्प्रिंगच आहे.” मग माझ्याकडे वळून, तीन दिवसांत पहिल्यांदा, “दोन्हीकडून चार-चार बोटं कापू ना, बाई?”

“कापा,” मी म्हणाले.

ते मैदानात मांडी घालून बसले आणि दगडाने लाकूड कापायला लागले. एक टोक त्यांनी घेतलं, एक मी. मुलं भोवती वाकून बघत होती. बाबांनी त्यांना पाल्हाळ लावून सगळं सांगितलं, कुठली बाजू काम करते आणि कुठली पगार खाते तेसुद्धा. चिटणीसही खाली वाकून ऐकत होते. अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला, कोणी हललं नाही. नव्या खाचा पाडल्या, दोरीला गाठ मारून ती आखूड केली. धनुष्य आता बुटकं आणि बेढब दिसत होतं. मी ओढलं, तर या वेळी ते मला ओढू देईना. सोडलं. बाण टेबलांवरून गेला, मोगऱ्याच्या वाफ्यावरून गेला आणि पाण्याच्या टाकीशी पडला.

पावलं कोणी मोजायची यावर थोडी कुजबुज झाली. चिटणीस म्हणाले, मीच मोजतो. त्यांची पावलं त्यांच्या उंचीच्या बेताची होती. ती एकतीस झाली. माझ्या अंदाजाने सत्तावीस असावीत. गणिताचे सर काही बोलणार होते, पण मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

दिवाळीनंतर पत्र आलं. आईने ते आधी देवापुढे ठेवलं, मग मी वाचलं, मग बाबांनी मागून घेतलं. खिडकीशी उजेडात जाऊन त्यांनी चष्मा लावला आणि एकेक ओळ बोटाने धरून वाचली. ‘आपणास सेवेत कायम करण्यात येत आहे’ या ओळीवर बोट थांबलं.

“माझ्या पत्रात पण हाच शब्द होता,” ते म्हणाले.

गिरणीबद्दल त्यांच्या तोंडून संपानंतर निघालेलं हे पहिलं वाक्य. आईचे हात परातीत तसेच राहिले. बाबांनी पत्राची नीट घडी घातली आणि ते आपल्या हत्यारांच्या पेटीत ठेवलं. मी जाऊन त्यांच्या शेजारी खाटेवर बसले.